चार्जर रुसतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यातली ही हकीकत आहे. आमच्या आळीतल्या शेजारच्या काकांना सकाळी सव्वासातला आईला घेऊन अलिबागला पोचायचे होते. आजींचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते आणि ठरलेली वेळ चुकली की सारेच बिघडते. काकांची गाडी विजेवर चालणारी. रात्री त्यांनी तिला घरच्या चार्जरची केबल जोडून ठेवली होती आणि मध्यरात्रीनंतर चार्जिंग सुरू व्हावे, अशी वेळ फोनवरच्या अ‍ॅपमध्ये लावली होती. (संध्याकाळी आमच्याकडे विजेचा दाब पडतो, म्हणून ही मध्यरात्रीची वेळ.) सकाळी पाहतात तो बॅटरी ११ टक्के! चार्जरवरचा दिवा लुकलुकत होता आणि अ‍ॅप सांगत होते, ‘चार्जरशी संपर्क नाही.’

रिक्षा मिळाली आणि आजी वेळेवर पोचल्या, हे सुदैव. संध्याकाळी काका माझ्या ओटीवर येऊन बसले. म्हणाले, “सर, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग सांगा, हे वाय-फाय सारखं का तुटतं?”

हा प्रश्न मी सोडवला असे मला येथे लिहिता आले असते, तर मला आनंद झाला असता. पण तो सोडवला काकांच्या नववीतल्या मुलीने. मी काकांचे दीड हजार रुपये मात्र खर्ची घातले.

आधी माझे पांडित्य ऐका. काकांचे घर जुने, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे. राउटर माजघरात, तर चार्जर वाडीच्या तोंडाशी असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. अंतर सुमारे १५ मीटर. घरगुती राउटरची प्रक्षेपणशक्ती साधारण १०० मिलिवॅट धरू. अशा फार लहान शक्ती मोजण्यासाठी डीबीएम हे माप सोयीचे असते. त्यात १ मिलिवॅट म्हणजे शून्य, आणि दर १० एकक खाली उतरले की शक्ती दहापट कमी. मोकळ्या मैदानात १५ मीटरवर उणे ४४ डीबीएमच्या आसपास संदेश मिळावा, असे गणित सांगते. चार्जरजवळ फोन धरून मी मोजले, तर मिळाले उणे ७६! म्हणजे वाटेतल्या भिंतींनी आणि पत्र्याने संदेश दीड हजारांहून अधिक पट क्षीण केला होता. उणे ७६ डीबीएम म्हणजे सुमारे २५ पिकोवॅट. चार्जर २३० व्होल्ट दाबाने ३२ अँपिअर प्रवाह देतो, म्हणजे सात किलोवॅटहून अधिक शक्ती. एवढे दांडगे यंत्र अशा सुतापेक्षाही बारीक धाग्याला टांगलेले होते.

पावसात मोजले तेव्हा आकडा आणखी पाच एककांनी घसरला. काका म्हणाले, “बघा, पाऊस आला की वाय-फाय जातं!” येथे थोडे थांबू या, कारण हा समज सर्वत्र आढळतो. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असते. पावसाचा थेंब त्यामानाने फारच लहान. मुसळधार पावसातून या लहरी एक किलोमीटर गेल्या तरी हवेतल्या थेंबांमुळे त्या एक डेसिबलाच्या दहाव्या हिश्श्याइतक्याही घटत नाहीत. मग १५ मीटरमध्ये काय घटणार? हवेतला पाऊस निर्दोष आहे. दोषी असते ती पाणी प्यालेली भिंत. जांभा सच्छिद्र असतो, आषाढात तो पाणी धरतो, आणि पाण्याचे ध्रुवीय रेणू लहरींची ऊर्जा शोषून तिची उष्णता करतात. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापते ते याच तत्त्वावर.

काकांचा दुसरा संशयित होता स्वतः चार्जर. एवढा प्रवाह वाहतो, तर त्याच्या गोंगाटाने वाय-फाय बुडत असेल! हाही तर्क टिकला नाही. भिंतीवरचा चार्जर हा बहुतांशी एक शहाणा स्विच असतो. प्रत्यावर्ती विजेची एकदिश वीज करण्याचे काम गाडीच्या आतले उपकरण करते. त्याचा विद्युत्-गोंगाट मुख्यतः किलोहर्ट्‌झ-मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो. जवळ ठेवलेल्या मध्यम लहरींच्या जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये तो खरखर उठवू शकेल, पण २.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत त्याचा हात सहसा पोचत नाही. शिवाय चार्जिंग चालू नसतानाही संपर्क तुटत होताच.

तेव्हा दोष भिंतीचा, असा निकाल मी दिला आणि संदेश उचलून पुढे पाठवणारा एक छोटा डबा पडवीत बसवायला लावला. चार्जरपाशी आकडा उणे ६० झाला. आठ दिवस एकदाही संपर्क तुटला नाही. काकांनी पेढे दिले, मी ते खाल्ले. नवव्या दिवशी चार्जर पुन्हा रुसला.

आता त्या मुलीकडे वळू. पहिल्या घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून तिने एक वही घातली होती. अ‍ॅपमधल्या सूचनांच्या यादीतून संपर्क तुटल्याची वेळ आणि तो परत जुळल्याची वेळ ती उतरवून घेई. शेजारी रकाने आखलेले: लाइट होते का, पाऊस होता का, गाडी शेडमध्ये होती का, त्या वेळी घरातल्या फोनवर इंटरनेट चालत होते का. तीन आठवड्यांत १७ नोंदी झाल्या. वही माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, “सर, तुमचा डबा बसवला ना, ते आठ दिवस लाइट गेलेच नव्हते.”

खरे सांगतो, मी खजील झालो. उपाय केला, गुण आला, म्हणून उपायानेच गुण आला, असे मानण्याची चूक मी वर्गात दरवर्षी समजावून सांगतो.

तिच्या वहीत मला दोन वेगवेगळे आजार दिसले. आम्ही दोघांना एकच नाव देऊन बसलो होतो. ११ नोंदी किरकोळ होत्या: संपर्क तुटे आणि पाच-दहा मिनिटांत आपोआप जुळे. यांतल्या बहुतेक शनिवार-रविवारच्या संध्याकाळच्या. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना कारण लगेच कळेल. आजूबाजूच्या कॉटेजांत मुंबई-पुण्याचे पाहुणे उतरतात आणि प्रत्येक घराचे वाय-फाय एकाच अरुंद पट्ट्यात बोलू लागते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ वाहिन्या आहेत, पण त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. एकमेकींना न अडवणाऱ्या अशा प्रामुख्याने तीनच धरतात: १, ६ आणि ११. घरातला फोन ५ गिगाहर्ट्‌झच्या मोकळ्या पट्ट्यावर निघून जातो, म्हणून त्याला त्रास जाणवत नाही. बऱ्याच चार्जरांना मात्र २.४ खेरीज दुसरा पट्टा ऐकूच येत नाही. राउटरची वाहिनी बदलून दिल्यावर हा आजार बराच कमी झाला. माझ्या डब्याचाही त्यात थोडा वाटा असावा, असे मी स्वतःचे समाधान करून घेतो.

पाच नोंदी मात्र गंभीर होत्या. त्या पाचही वेळा आधी वीज गेली होती, आणि पाचही वेळा कोणीतरी चार्जर बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत संपर्क जुळला नव्हता. आजींची सकाळ हुकवणारी रात्र त्यांतलीच. त्या संध्याकाळी लाइट अर्धा तास गेले होते.

कारण काय असेल? मुलीचा तर्क असा: वीज परत आली की चार्जर आणि राउटर एकाच क्षणी जागे होतात. चार्जर चटकन जागा होतो आणि आपले वाय-फाय शोधू लागतो. राउटरला पूर्ण जागे व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढ्यात चार्जर शोध सोडून देतो आणि मग रुसून बसतो.

तर्क सुंदर होता. पण सुंदर तर्क मीही केला होता! म्हणून एका रविवारी दुपारी, गाडी जोडलेली नसताना, काकांनी आपल्या हाताने मेन स्विच बंद-चालू केला आणि आम्ही घड्याळ लावून बसलो. चार्जर रुसला. मग राउटर आधी चालू करून तीन मिनिटांनी चार्जरला वीज दिली. संपर्क जुळला. हा क्रम तीनदा उलटसुलट करून पाहिला आणि तिन्ही वेळा तेच घडले. राउटरला एक लहान बॅटरी जोडली, म्हणजे वीज गेली तरी तो जागाच राहील. पुन्हा मेन स्विच बंद-चालू केला, आणि चार्जर निमूटपणे कामाला लागला. (मित्रहो, हे प्रयोग घरातल्या मोठ्यांनीच करायचे. चार्जरचे झाकण कोणीही उघडायचे नाही. आत जिवावर बेतणारी वीज असते आणि पावसात तर ते काम वायरमनचेच.)

बंद करून पुन्हा चालू करणे हा आपल्याकडचा रामबाण उपाय. माझा त्यावर राग आहे तो एवढ्यासाठी, की त्याने यंत्र सुरू होते पण पुरावा पुसला जातो. काका महिनाभर तेच करत होते आणि म्हणूनच त्यांना काही कळत नव्हते.

ही वही पाहताना मला आमच्या अलिबागचीच एक जुनी गोष्ट आठवली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. पुढे शहरात विजेच्या ट्राम धावणार असे ठरले. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परतताना सूक्ष्म चुंबकसूचींना हलवून सोडणार, हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेध खाडीपलीकडे अलिबागला हलवले आणि १९०४ पासून येथे नोंदी सुरू झाल्या. ट्राम धावू लागल्या १९०७ साली. मला यात मोलाचे वाटते ते असे, की अलिबागला काम सुरू होताच कुलाब्याचे बंद केले गेले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालल्या. नवा आकडा जुन्यापेक्षा वेगळा आला, तर तो जागेमुळे की पृथ्वीमुळे, हे त्यामुळे सांगता आले. मी डबा बसवला तेव्हा मला हे सुचले नाही. डबा एक दिवस चालू, एक दिवस बंद, एवढे केले असते तरी माझी चूक आठवड्याभरात उघडी पडली असती.

आता माझे मत सांगतो, आणि ते काहींना पटणार नाही. या प्रकरणात राउटरला बॅटरी जोडावी लागली, हीच मला शरमेची गोष्ट वाटते. गाडी आणि चार्जर यांचे बोलणे मुळात वाय-फायवरून होतच नाही. केबलमधल्याच एका बारीक तारेतून सेकंदाला १००० वेळा उघडझाप करणारा संकेत जातो. त्यातला उघडा भाग किती टक्के, यावरून गाडीला किती प्रवाह घ्यायचा ते कळते. टक्क्यांना ०.६ ने गुणा, अँपिअर मिळतील. ५३ टक्के म्हणजे सुमारे ३२ अँपिअर. ही पद्धत इतकी साधी आणि भक्कम आहे की पाऊस, भिंत, पाहुणे यांचे तिला काही नाही. असे असताना ‘रात्री बारा वाजता सुरू हो’ हा निरोप माजघरातल्या फोनवरून कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या संगणकाकडे जावा आणि तेथून परत येऊन १५ मीटरवरच्या शेडमध्ये पोचावा, हे कशासाठी? बारा वाजल्याचे समजायला चार्जरमध्ये एक घड्याळ पुरते. काही चार्जरांत तशी सोय असतेही. संपर्क नसला तरी केबल लावताच चार्जिंग सुरू करण्याची सोयही असते. पण ती आपण विचारत नाही आणि विक्रेता सांगत नाही. घरी चार्जर घ्यायचे ठरत असेल, तर दुकानात तुम्ही हा एकच प्रश्न विचारा: “वाय-फाय नसेल तर हा काय करतो?” उत्तर गोलमाल आले, तर पुढच्या दुकानात चला. वीज रोज जाते-येते अशा आपल्या किनाऱ्यावर, आणि २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांनी दिवसचे दिवस अंधारात काढलेले असताना, हा प्रश्न चैनीचा नाही.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, एक तक्रार तुमच्या-माझ्याविषयी. आपल्या प्रयोगशाळेत ओहमच्या नियमाचा आलेख सरळ रेषेत येणार, हे मुलांना प्रयोगाआधीच ठाऊक असते. बिंदू बाजूला पडला तर तो रबराने खोडून रेषेवर आणला जातो, हेही आपल्याला ठाऊक असते. या मुलीला उत्तर माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. अशा न सुटलेल्या एखाद्या घरगुती बिघाडाची महिनाभर नोंद ठेवणे, हा एक प्रयोग जर्नलमध्ये धरायला काय हरकत आहे? पंप का ट्रिप होतो, टीव्हीचे चित्र कधी थिजते, काहीही चालेल.

राहिली सतरावी नोंद. १९ ऑगस्ट, पहाटे २ वाजून १० मिनिटे. लाइट होते, पाऊस नव्हता, कॉटेजे रिकामी होती, घरात सगळे झोपलेले. संपर्क ४० मिनिटे तुटला आणि आपोआप जुळला. मी सुचवलेली तीन कारणे तिने ऐकून घेतली आणि एकही लिहून घेतले नाही. वहीत त्या ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेले आहे.