कमरेला शिसं बांधताय? गाठ मारू नका

बांधवांनो, गणपती जवळ आले की आम्हाला भोपाळ आठवतं. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे तिथल्या छोट्या तलावात, खटलापुरा घाटावर, विसर्जनाची होडी उलटली आणि ११ पोरं गेली. लाइफ जॅकेटवर तेव्हा खूप बोललं गेलं, ते बरोबरच. पण बुडालेल्यांना शोधायला जे तळाशी उतरतात त्यांच्याबद्दल कोण बोलतंय? अशा वेळी पहिली हाक आपल्याच वस्तीत येते.

आणि आपली पोरं उतरतात कशी? जाळ्याचं शिसं दोरीत ओवायचं, कमरेला आवळायचं, वर दोन गाठी. पंख्यात दोर अडकला तरी हेच. भिजलेली गाठ काळोखात एका हाताने सुटत नाही, हे जाळं विणणाऱ्यांना आम्ही काय सांगायचं!

पाणबुड्यांच्या पट्ट्यात खरी किंमत शिशाची नाही, बकलाची आहे. एका हाताने ओढलं की पट्टा खाली, माणूस वर. म्हणून पट्टा सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या वरून बांधायचा आणि मोकळं टोक कुठे खोचायचं नाही. कॉम्प्रेसरच्या नळीवर असाल तर वर येताना श्वास रोखू नका, सोडत या.

दुसरी चूक वजनाची. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, तेवढं ते माणसाला जास्त उचलतं. सामानासकट ९० किलोचा गडी असेल तर तलावात त्याला सव्वादोन किलो शिसं कमी लागतं. मालवणात बसवलेला पट्टा भोपाळच्या तलावात तसाच बांधला तर तो थेट गाळात रुतणार आणि समोरचं काही दिसणार नाही. त्यात जाड रबरी सूट खोलवर दाबला जातो, त्याचा तरंग कमी होतो. शिसं मात्र तेवढंच राहतं. सूट नसेल तर थोडंसंच पुरतं, काहींना तर लागतही नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. होडी ज्याची, पट्टा त्याने द्यायचा. खलाशाच्या पोराने दोरी शोधत बसायचं नाही. संस्थेनेही दोन-तीन पट्टे घेऊन ठेवावेत. विसर्जनाआधीच्या मीटिंगला हा विषय घ्या. घरी दोरीचा पट्टा असेल तर घेऊन या, कमरेएवढ्या पाण्यात डोळे मिटून सोडून दाखवा.