पडद्यावरचा नायक, फळीवरचे खेळणे

पनवेल हे गाव पूर्वीपासून नाक्याचे. पळस्पे फाट्यावर पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळा होतो. शेजारच्या उरण तालुक्यात १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले, तेव्हापासून परदेशी मालाच्या पेट्या वाहणाऱ्या गाड्यांची रांग या परिसरात तुटलेली नाही. परदेशी खेळणी देशात येण्याच्या मोठ्या वाटांपैकी ही एक वाट आहे. बंदरात उतरलेली खेळणी मुंबईच्या घाऊक बाजारात जातात आणि तेथून उलट प्रवास करून पुन्हा पनवेलच्या दुकानांत व रस्त्याकडेच्या गाड्यांवर येतात. एखादा चित्रपट गाजला की त्याच्या नायकाचा मुखवटा, त्याची तलवार, त्याचे चित्र छापलेले दप्तर या गाड्यांवर लटकू लागते. महिना-दीड महिना उलटला की तोच माल धूळ खात पडतो आणि अखेर मिळेल त्या भावाने काढून टाकावा लागतो. घरी नेलेल्या मालाची अवस्थाही निराळी नसते. मुखवट्याचे रबर पहिल्याच दिवशी तुटते, तलवार दुसऱ्या दिवशी वाकते आणि आठवड्याच्या आत त्या खेळण्याची रवानगी केरात होते.

चित्रपटांवर आधारलेल्या खेळण्यांचा दर्जा घसरत आहे आणि त्यांची ओढही ओसरत आहे, ही तक्रार केवळ आपल्याकडची नव्हे. तिची कारणे मात्र नीट तपासली जात नाहीत. मुलांच्या हाती मोबाईल आला म्हणून खेळणी मागे पडली, एवढे एकच कारण सांगून बहुतेक जण मोकळे होतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खेळणे हे खेळण्यासाठी न घडविता चित्रपटाच्या जाहिरातीसाठी घडविले जाऊ लागले, हे मूळ दुखणे आहे. जाहिरातीचे आयुष्य जेवढे, तेवढेच मग त्या खेळण्याचेही आयुष्य ठरते.

चित्रपटाची आठवण जपणाऱ्या वस्तू आपल्याकडे नव्या नाहीत. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करणारे बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रे स्वतः रंगवीत. पुढे बोलपटांच्या काळात चित्रपटगृहाच्या दाराशी गाण्यांच्या चोपड्या मिळत. थोड्या आण्यांत विकत घेतलेली ती चोपडी घरात वर्षानुवर्षे टिके. मुलांच्या वाट्याला तर त्याहून स्वस्त वस्तू येई. यंत्रचालकाने कापून टाकलेले फिल्मचे तुकडे मुले गोळा करीत. पाणी भरलेल्या विजेच्या दिव्याचे भिंग, उन्हाची तिरीप परतविणारा आरसा आणि पडद्याच्या जागी धोतर एवढ्या सामग्रीवर घरोघर सिनेमा चाले. त्या खेळण्यावर कोणाची मुद्रा नव्हती, त्याला परवाना नव्हता आणि किंमतही नव्हती. पण मूल त्यात स्वतः काही घडवीत होते. खेळण्याची गुणवत्ता जोखण्याची ही पहिली कसोटी होय.

याचा व्यापार उभा राहिला तो अमेरिकेत. मिकी माउसचे चित्र वह्यांवर छापण्याची परवानगी देऊन वॉल्ट डिस्ने यांनी या वाटेवर पाऊल टाकले आणि १९३३ साली मिकीचे घड्याळ बाजारात आले. खरी क्रांती झाली ती १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ने. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी वस्तुविक्रीचे हक्क स्वतःकडे राखून ठेवले होते. बाहुल्यांची मागणी इतकी अनपेक्षित होती की, केनर या कंपनीला त्या वर्षीच्या नाताळापर्यंत माल पुरविणे जमले नाही. तिने बाहुल्यांऐवजी पुढे माल मिळण्याची हमी देणारे कागदी पाकीट विकले आणि लोकांनी तेही घेतले. पुढच्या एका वर्षात ‘स्टार वॉर्स’ची चार कोटींहून अधिक खेळणी खपली. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मुलांनी रिकाम्या पाकिटावर विश्वास ठेवून वाट पाहिली, कारण चित्रपट तोवर गावात टिकून होता. आपल्याकडेही १९७५ चा ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. अशा काळात साचा तयार व्हायला सहा महिने लागले तरी खेळण्याला गिऱ्हाईक मिळणे शक्य होते.

भारतातील मध्यमवर्गीय मुलांना अशा परवानाधारक खेळण्यांची ओळख झाली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९८७ साली स्थापन झालेल्या फनस्कूलने गोव्यातील कारखान्यात ‘जी. आय. जो’चे सैनिक घडविले. लिओ-मॅटेलने ‘ही-मॅन’ आणला. ही पात्रे मुळात मोठ्या पडद्यावरची नव्हेत, मुलांना ती ठाऊक झाली दूरचित्रवाणीवरून आणि चित्रकथांतून. परंतु त्यांचा धडा येथे उपयोगी पडतो. परदेशात वापरून झालेले साचे येथे आणले जात. कधी रंग वेगळे पडत. तरीही सांधे फिरत, हात-पाय टिकत, धाकट्या भावंडापर्यंत ते खेळणे पोचे. गोव्यात घडलेले तेच सैनिक आज परदेशातील संग्राहक शोधत असतात. वस्तू संग्राह्य ठरते ती कारखान्याने तसे खोक्यावर छापल्यामुळे नव्हे, तर पुष्कळ मुले तिच्याशी पुष्कळ दिवस खेळल्यामुळे.

यानंतर उत्पादन चीनकडे वळले, भाव उतरले आणि देखरेखही उतरली. ‘कार्स’ या चित्रपटातील ‘सार्ज’ नावाच्या छोट्या मोटारीच्या रंगात शिसे आढळल्याने मॅटेल कंपनीला २००७ च्या ऑगस्टमध्ये अशा सुमारे ४ लाख ३६ हजार मोटारी परत मागवाव्या लागल्या. वाढत्या मुलाच्या मेंदूला शिसे बाधते आणि त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतानेही २००९ च्या जानेवारीत चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी जाहीर केली होती. परंतु सुरक्षिततेची प्रमाणपत्रे असलेल्या मालाला मार्चमध्येच वाट मोकळी करून देण्यात आली.

दर्जा घसरला तरी खप वाढतच जाईल, हा हिशेब पुढे चुकत गेला. ‘टॉईज आर अस’ ही अमेरिकेतील बलाढ्य दुकानसाखळी कर्जाखाली आली आणि २०१८ मध्ये तेथील तिची दुकाने बंद झाली. मोठ्या डोक्याच्या बाहुल्या बनविणाऱ्या फंको कंपनीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. जवळपास प्रत्येक गाजलेल्या चित्रपटाची ‘संग्राह्य’ बाहुली काढणाऱ्या या कंपनीने २०२३ साली तीन कोटी डॉलरांहून अधिक किमतीचा माल नष्ट करण्याचा निर्णय जाहीर केला. साठवणुकीचा खर्च मालाच्या मोलापेक्षा जड झाला होता. जपून ठेवण्यासाठी म्हणून विकली जाणारी वस्तू कारखानदारालाच जपणे परवडू नये, यापेक्षा कठोर निवाडा तो कोणता! त्याच वर्षी ‘बार्बी’ या चित्रपटाने जगभर १४० कोटी डॉलरांच्या वर कमाई केली. तरीही पुढच्या वर्षी बार्बी बाहुलीची विक्री घटली. चित्रपटाचा प्रकाश खेळण्यावर पडतो तो असा क्षणभरच.

आपल्याकडे ही अडचण दुप्पट आहे. २००६ मध्ये ‘क्रिश’ने काळा मुखवटा घरोघर पोचविला, २०११ मध्ये ‘रा.वन’ने विविध कंपन्यांशी करार केले, २०१५ पासून ‘बाहुबली’च्या तलवारी दिसू लागल्या. पण या लाटांतून टिकाऊ धंदा उभा राहिला, असे दिसत नाही. त्याचे गणित सरळ आहे. परवाना घेणाऱ्या कारखानदाराला विक्रीवर रॉयल्टी द्यावी लागते आणि बहुधा किमान रकमेची हमीही आधी द्यावी लागते. धातूचा साचा करण्यास लाखो रुपये आणि काही महिने लागतात, सुरक्षिततेच्या चाचण्यांचा खर्च वेगळा. इकडे चित्रपटाची तारीख पुढे ढकलली जाते. तो लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्याचे भवितव्य ठरते, आणि सुमारे आठ आठवड्यांनी तो घरच्या पडद्यावर येऊन शिळा होतो. प्रामाणिक कारखानदाराचा माल बाजारात येईपर्यंत लाट ओसरलेली असते. बनावट माल करणाऱ्याला यांपैकी कसलाच भार नाही. जुन्याच साच्यातील तलवारीवर नवे चित्र चिकटविले की त्याचे काम भागते. म्हणून खरे खेळणे महाग आणि उशिराचे, तर खोटे स्वस्त आणि वेळेवरचे, अशी स्थिती येते. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात यांतले कोणते येणार, हे सांगावयास नको.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मुद्रा सक्तीची झाली. सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५ साली सुमारे ३३ कोटी डॉलरांची असलेली आयात २०२२-२३ मध्ये १६ कोटी डॉलरांच्या आसपास आली, तर निर्यात साडेनऊ कोटींवरून साडेबत्तीस कोटी डॉलरांपर्यंत वाढली. ही प्रगती लक्षणीय आहे. तथापि, आयात घटली म्हणून पनवेलच्या गाडीवरचा मुखवटा निर्धोक झाला, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. कायद्याचा हात पावती देणाऱ्या दुकानापर्यंत पोचतो. पदपथावरच्या गाठोड्यापर्यंत तो क्वचितच जातो. दुसऱ्याच वस्तूंच्या नावाखाली आणलेली खेळणी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अनेकदा पकडली आहेत, ही गोष्टही पुरेशी सूचक आहे.

यावर कोणी म्हणेल, खेळण्यासारख्या क्षुल्लक वस्तूचा इतका ऊहापोह कशाला? मुलाने मुखवटा हट्टाने घेतला, मोडला, टाकला. त्यात बिघडले काय? बिघडते ते तीन ठिकाणी. पहिले, रंगातील शिसे आणि प्लास्टिकचे अणकुचीदार तुकडे यांचा धोका क्षुल्लक नाही. दुसरे, मोजक्या पगारात भागविणाऱ्या घराने वर्षातून चार वेळा टाकाऊ वस्तूवर केलेला खर्च एका चांगल्या, टिकाऊ खेळण्याच्या किमतीहून कमी नसतो. तिसरे आणि महत्त्वाचे म्हणजे, हातातली वस्तू मोडण्यासाठीच असते, हा संस्कार मूल नकळत उचलते. मग त्याने मोबाईलच्या पडद्याकडे धाव घेतली, तर दोष केवळ पडद्याचा कसा? हाती दिलेल्या खेळण्यात गुंतण्यासारखे काही उरलेच नव्हते.

पनवेलकरांना याचे निराळे उदाहरण पाहण्यासाठी दूर जावयास नको. याच रायगड जिल्ह्यातील पेणच्या गणेशमूर्ती महाराष्ट्रभर जातात. लोकप्रियतेचा वारा तेथेही पोचतो. दूरचित्रवाणीवरची ‘जय मल्हार’ मालिका गाजली तेव्हा त्या रूपातील गणपतीला मोठी मागणी आली आणि मालिका सरल्यावर ती मागणीही सरली. परंतु मूर्तिकाराचा धंदा बुडाला नाही. नवे रूप त्याने आपल्या जुन्या कसबावर चढविले होते. रूप गेले तरी कसब राहिले. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या मागेही असेच पिढ्यांचे कसब उभे आहे. चित्रपटाची खेळणी बनविणाऱ्यांपाशी नेमके हेच नाही. तेथे नायकाचा चेहरा काढून घेतला की मागे काही उरत नाही.

उपायही येथूनच सुरू होतात. मराठी चित्रपटाच्या निर्मात्यांनी मोठ्या रकमेच्या हमीचा आग्रह सोडून आपल्या पात्रांचा परवाना अल्प शुल्कात स्थानिक कारागिरांना आणि लहान कारखान्यांना दिला, तर त्यांना गमवावे लागण्यासारखे फारसे नाही. तसेही आज ते उत्पन्न बनावट माल करणाराच नेत आहे. १९९३ च्या ‘झपाटलेला’त तर बाहुलाच प्रमुख पात्र होता, आणि तात्या विंचू आजही मुलांना ठाऊक आहे. अशी एकाच मोसमात न विझणारी पात्रे निवडली तर कारागिराला वेळ मिळेल. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे. तिचा लाभ जरूर घ्यावा. मात्र सूट म्हणजे वाटेल तो रंग फासण्याची मुभा नव्हे, हे त्यांनीही ओळखले पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोने आपल्या तपासण्या घाऊक गोदामांपुरत्या न ठेवता सुट्टी आणि सणांच्या हंगामात किरकोळ बाजारापर्यंत न्याव्यात. ग्राहकानेही मुद्रेखालचा परवाना क्रमांक पाहावा. तो खरा की खोटा हे ब्यूरोच्या मोबाईलवरील सेवेतून तपासता येते. शाळांनी वर्षातून एकदा पालकांना हे समजावून सांगितले, तर पुष्कळ साधेल.

चित्रपट येतील आणि जातील. त्यांचे नायक बदलत राहतील. मुलाला नायकाचा मोह पडणे स्वाभाविक आहे आणि तो मोडून काढण्याचे कारणही नाही. पण नायकाच्या नावावर त्याला काय विकले जाते, हे पाहण्याची जबाबदारी मुलाची नाही, ती मोठ्यांची आहे. खेळण्याच्या व्यापाराने घसरणीचे खापर मुलांच्या बदललेल्या आवडीवर फोडण्याआधी आपल्या फळीवरच्या मालाकडे पाहावे. नायकाचा चेहरा पुसून टाकल्यावरही मूल ज्याच्याशी खेळत राहील, तेच खरे खेळणे. असा माल बाजारात येत नाही तोवर विक्री घटल्याचा शोक करण्याचा अधिकार विक्रेत्याला नाही.