लोकलहोस्टच्या पुढे

बारामतीत इंजिनिअरिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, 'वेबसाइट बनवलीस का?' उत्तर 'हो' येईल. 'दाखव' म्हटलं की लॅपटॉप उघडतो आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाइप होतं. साइट दिसते, पण फक्त त्याच लॅपटॉपवर. शेजारच्या कॉटवरच्या रूममेटच्या फोनवर ती दिसत नाही. व्हायव्हा होतो, मार्क पडतात, बाइंडिंग केलेली फाइल कपाटात जाते. मीही असाच पास झालो.

हे शिक्षण अर्धवट आहे. आणि उरलेल्या अर्ध्याची सुरुवात करायला एक तास पुरतो.

लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, म्हणजे 'माझा मी'. प्रॅक्टिकलला वापरतो ते बरेच सर्व्हर फक्त या पत्त्यावर ऐकतात. तोच सर्व्हर ०.०.०.० वर ऐकायला लावा, फायरवॉलमध्ये तेवढं एक पोर्ट उघडा. मग खोलीतल्या राउटरला जोडलेला कुठलाही फोन १९२.१६८ ने सुरू होणारा तुमचा पत्ता टाकून साइट उघडतो. रिचार्ज संपलेला असला तरी. कारण यात इंटरनेट लागतच नाही.

वेबची सुरुवातच अशी झाली. १९९० साली सर्नमध्ये टिम बर्नर्स-लींच्या टेबलावरचा नेक्स्ट कॉम्प्युटर हाच पहिला वेब सर्व्हर होता. त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती: हा सर्व्हर आहे, बंद करू नका. आपल्याला मात्र वाटतं, सर्व्हर म्हणजे परदेशातली एसी इमारत.

हा समज आपोआप झालेला नाही. आयपीव्ही४ चे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. ते पुरत नाहीत म्हणून बऱ्याच कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. त्यामुळे तुम्ही जगभर जाऊ शकता, पण तुमच्या दारापर्यंत बाहेरून कुणी येऊ शकत नाही. घ्या, देऊ नका, अशी ही व्यवस्था आहे. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांची टंचाई नाही, पण ते मागायला आधी आपल्याला काहीतरी द्यायचं असावं लागतं.

आणि द्यायला आपल्याकडे आहे. २००३ च्या सुमारास आयआयटी मुंबईने 'आक्वा' ही प्रश्नोत्तरांची साइट सुरू केली. शेतकरी मराठीत प्रश्न टाकायचे, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ उत्तरं द्यायचे. ज्ञान इथलंच होतं.

दुसऱ्याच्या घरात ठेवलेल्या वस्तूचं काय होतं, तेही पाहा. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात गेलं, तरी पाणी उतरलं की उन्हाळ्यात वर दिसतं. २ एप्रिल २०१९ पासून गूगल प्लसवरच्या पोस्टी पुसल्या गेल्या. त्या कुठल्याच उन्हाळ्यात वर येणार नाहीत.

लोक म्हणतील, क्लाउड फुकट मिळतो. मिळतो, त्यांची मर्जी असेपर्यंत. म्हणतील, लाइट जाते. जाऊ दे. लाइट आल्यावर सर्व्हर आपोआप कसा उठवायचा, हाच तर धडा आहे. म्हणतील, हॅक होईल. ही भीती खरी आहे, म्हणून सुरुवात लॅबच्या चार भिंतींत करा. तिथे चुकलं तर फार तर एक मशीन फॉरमॅट होईल. नोकरीत चुकलं तर लोकांचा डेटा जाईल.

म्हणून कॉलेजांकडे एकच मागणी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्यामुळे भंगारात निघालेल्या पीसींपैकी प्रत्येक लॅबमागे एक पीसी पोरांना द्या. त्यावर लिनक्स आणि अपाची टाका. वर्षभर त्यावरून टाइमटेबल, नोट्स, जुने पेपर आणि किविक्सवरून मराठी विकिपीडिया सगळ्या कॉलेजला मिळू दे. मार्क फाइलच्या जाडीवर देऊ नका. तो किती दिवस चालू राहिला आणि बंद पडल्यावर कुणी उभा केला, यावर द्या.

तोवर थांबायची गरज नाही. आज रात्री रूममेटचा फोन घ्या आणि त्यावर तुमचा पत्ता टाका.