आवाज आला, चित्र नाही

दिवाळी आली की आपल्या मध्यमवर्गीय घरात दोन याद्या होतात. एक गृहिणीची: रवा, बेसन, तूप, पणत्या. दुसरी चिरंजीवांची, ती बहुधा विजेवर चालणाऱ्या वस्तूंची असते. पहिली यादी वर्षानुवर्षे तीच राहते, दुसरीत मात्र दरसाल नव्या नावाची भर पडते. गेल्या दिवाळीत जळगावला आमच्या अक्काच्या घरी या दुसऱ्या यादीत 'होम थिएटर रिसीव्हर' असे नाव होते. त्याच्यापायी भाऊबिजेच्या संध्याकाळी जे घडले, ते या सदराच्या वाचकांना सांगण्यासारखे आहे.

मी धुळ्याहून पारोळा-एरंडोलच्या रस्त्याने दुपारी पोहोचलो, तेव्हा माझ्या पिशवीत चिवड्याच्या डब्याशेजारी एक जुना व्हीसीआर आणि एक कॅसेट होती. कॅसेट अक्काच्या लग्नाची, १९९१ सालची. त्या कॅसेटमध्ये आमची आई आहे. आईला जाऊन बारा वर्षे झाली. तिची छायाचित्रे घरात आहेत. पण चालतीबोलती आई एवढ्या एका फितीतच उरली आहे. "यंदा ओवाळणी नको, मला आई दाखव," असे अक्काने फोनवर सांगितले होते.

दाजी हौशी गृहस्थ. दिवाणखान्यात नवा मोठा टीव्ही, पाच स्पीकर आणि कोपऱ्यात बसून पोटातून गुरगुरणारा सहावा, असा थाट होता. टीव्हीखालच्या फळीवर रिसीव्हर. "भाऊ, काहीही लावा, सगळे याच्यातूनच जाते. दुकानदाराने खात्री दिली आहे," दाजी म्हणाले. भाच्याने व्हीसीआरच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिना रिसीव्हरच्या त्याच रंगांच्या सॉकेटांत बसवल्या. रंगाला रंग जुळला. कळ दाबली.

आणि खोलीभर आईचा आवाज आला. "सावकाश ग, पुढे पायरी आहे." सनई, बायकांची गडबड, मधूनच भटजींचा खाकरा. टीव्हीवर मात्र काळोख! अक्का पदर तोंडाला लावून त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिली. आई बोलत होती आणि दिसत नव्हती.

"मामा, रिसीव्हर खराब निघाला," भाचा म्हणाला. रिसीव्हर खराब नव्हता. आपण त्याला समजून घेतले नव्हते, इतकेच.

आमच्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीचे पाटपाणी शतकानुशतके चालत आले आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटात येते आणि कोणत्या फडाला केव्हा सोडायचे ते पाटकरी पाहतो. रिसीव्हर हा घरातला पाटकरी समजा. सेट-टॉप बॉक्स, डिस्क प्लेअर, खेळाचे यंत्र, सगळ्यांचे पाणी त्याच्याकडे येते. आवाजाचे पाणी तो स्पीकरांना सोडतो, चित्राचे टीव्हीला. पण पाटकरी पाटाबाहेरून पाणी नेऊ शकत नाही. पिवळ्या वायरीतून आलेले चित्र जुन्या धाटणीचे, म्हणजे अ‍ॅनालॉग. रिसीव्हरकडून टीव्हीकडे गेलेली आमची एकुलती एक वायर एचडीएमआयची, म्हणजे डिजिटल. काही रिसीव्हर आतल्या आत जुन्या चित्राचे नव्यात रूपांतर करतात. पुष्कळसे करीत नाहीत. दाजींचा करीत नव्हता. त्याने आवाज घेतला, चित्र दारातच थांबवले.

तेव्हा पहिला धडा हा, की घेण्यापूर्वी रिसीव्हर पुढून पाहू नये, मागून पाहावा. पुढे दिव्यांची शोभा असते, मागे खरा कारभार असतो. तिथे साधारण चार प्रकारच्या चित्रजोडण्या आढळतील.

सर्वांत जुनी पिवळी, हिला कंपोझिट म्हणतात. चित्रातला उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेत कालवलेले असतात, म्हणून लाल साडीचा रंग काठाबाहेर सांडतो. दुसरी एस-व्हिडिओ, चार बारीक टाचण्यांची गोल पिन. हिच्यात उजेड आणि रंग वेगळे जातात, म्हणून चित्र थोडे स्वच्छ. तिसरी कंपोनंट: हिरवी, निळी, लाल अशा तीन वायरी. हिरवीतून उजेड, उरलेल्या दोनींतून रंग. हिच्यातून हाय डेफिनिशन चित्रही जाते. मात्र इथली लाल पिन आणि आवाजाची लाल पिन दिसायला सख्ख्या बहिणी, त्यांची अदलाबदल झाली तर रंगही बिघडतो आणि आवाजही. चौथी एचडीएमआय. तिचे पहिले मानक २००२ च्या डिसेंबरात निघाले. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून डिजिटल रूपात जातात. आज नवे यंत्र घेताना हीच पहिली निवड.

दुसरा धडा: पाट जितका रुंद तितकेच पाणी. पुष्कळ घरांत एचडी वाहिन्यांचे जादा पैसे भरतात आणि सेट-टॉप बॉक्स टीव्हीला अजून पिवळ्या वायरीने जोडलेला असतो. एचडी चित्राच्या १०८० ओळी असतात, आपल्या जुन्या पद्धतीच्या चित्रात दिसणाऱ्या ५७६. बॉक्स कितीही भारी असो, पिवळ्या वायरीतून ५७६ च्या वर काही यायचे नाही. आज संध्याकाळी टीव्हीमागे एकदा डोकावून पाहा. कदाचित फुकटात घराचा टीव्ही नवा होईल.

तिसरा धडा: कागदावर यादी करा. घरात चित्र देणारी यंत्रे किती, ते मोजा, तितकी एचडीएमआय सॉकेटे रिसीव्हरला हवीत, आणि पुढच्या दिवाळीसाठी एक जास्त. ४के चित्र पाहायचे असेल तर रिसीव्हरही ४के पुढे पाठवणारा आणि एचडीसीपी २.२ मानणारा हवा. हे एक प्रकारचे कुलूप आहे. साखळीतल्या एकाही यंत्राकडे किल्ली नसली तर चित्र अडते किंवा कमी प्रतीचे मिळते. जुना रिसीव्हर चांगला वाजत असेल तर तो मोडीत काढू नका. चित्राची वायर थेट टीव्हीला लावा आणि टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या सॉकेटातून आवाज रिसीव्हरकडे परत आणा. ही सोय एचडीएमआयच्या २००९ सालच्या १.४ आवृत्तीपासून आहे. मात्र रिसीव्हरच्या सॉकेटावरही एआरसी लिहिलेले हवे. २०१७ च्या २.१ आवृत्तीत तिचीच मोठी भावंड ईएआरसी आली.

चौथा धडा खिशाचा. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायर चित्र सुंदर करते, ही समजूत सोडून द्या. डिजिटल चित्र नीट पोहोचले तर स्वस्त वायरीतूनही तेच दिसते. नीट पोहोचले नाही तर ठिपके चमकतात किंवा पडदाच जातो. दोन मीटरसाठी प्रमाणित साधी वायर पुरते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची असेल तरच जास्त विचार करावा, आणि भिंतीत पुरण्यापूर्वी ती एकदा चालवून पाहावी.

आता अक्काच्या दिवाणखान्यात परत येऊ. इलाज सोपा होता: पिवळी वायर रिसीव्हरला वगळून थेट टीव्हीला लावायची, लाल-पांढऱ्या रिसीव्हरलाच राहू द्यायच्या. पण नव्या टीव्हीच्या मागे पिवळे सॉकेटच नव्हते! होते एक बारीक गोल भोक. त्यात बसणारी आखूड जोडवायर टीव्हीच्या खोक्यात आली होती आणि खोके रद्दीत गेले होते. सणाच्या संध्याकाळी गोलाणी मार्केटमध्ये कोण दुकान उघडे ठेवणार? दाजी खजील झाले. तेवढ्यात अक्का उठली, आत गेली आणि बटणांचा जुना डबा घेऊन आली. तळाशी ती वायर होती. "काय आहे ते कळले नाही, म्हणून टाकली नाही," ती म्हणाली.

चित्र आले. मोठ्या पडद्याच्या मधोमध चौकोनी, धूसर, रंग सांडलेले. ओठ आवाजाच्या किंचित मागे हलत होते, कारण टीव्ही चित्रावर थोडा वेळ काम करतो. रिसीव्हरमध्ये आवाज लांबवण्याची सोय असते, ती भाच्याने शोधून जुळवली. भाचा चित्र ताणून पडदा भरू लागला तेव्हा अक्काने त्याचा हात धरला. "आई एवढी जाड नव्हती रे." आईने मांडवाच्या पायरीशी अक्काचे कोपर धरले होते. सावकाश ग, पुढे पायरी आहे. कुणी काही बोलले नाही. दाजी चष्मा पुसत राहिले.

पिवळ्या वायरीला म्हणूनच नावे ठेवू नयेत. धुळ्याशेजारच्या मालेगावात नासिर शेख दोन व्हीसीआर जोडून संकलन शिकले आणि त्यांनी गावाचा सिनेमा उभा केला. नवे घेताना एचडीएमआय निवडा, अवश्य निवडा, पण घरात जुन्या फिती असतील तर दुकानात एक प्रश्न न चुकता विचारा: "या रिसीव्हरच्या पिवळ्या सॉकेटातून आलेले चित्र एचडीएमआयमधून बाहेर पडते का?" तोंडी खात्रीवर जाऊ नका, माहितीपुस्तिकेतले ते पान पाहा.

आणि फितीची डिजिटल प्रत लवकर करून घ्या. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कारखानदाराने, फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवले. फीत बुरशीने जाते, यंत्राचा पट्टा झिजतो, आणि नवे यंत्र मिळत नाही. आमच्या फितीच्या तीन प्रती झाल्या आहेत: एक जळगावला, एक धुळ्याला, एक पुण्याच्या भाचीकडे. यंदाच्या भाऊबिजेला अक्काने खरी ओवाळणी मागितली आहे. तिची मला चिंता नाही. बटणांचा डबा तेवढा जागेवर असावा.