सगळ्यांचं लक्ष म्हणजे कुणाचंच लक्ष नाही

परीक्षा संपल्या आणि मे महिन्याचा घाम सुरू झाला की आमच्या नात्यागोत्यात एक फोन हमखास फिरतो. "काय मग, या रविवारी अर्नाळा?" खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं तर दिवस प्रवासात जातो आणि खिसा रिकामा होतो. अर्नाळा कसं, विरारला उतरा, एसटी किंवा रिक्षा पकडा, आगाशी मागे टाकली की केळीच्या वाड्या, मग सुरूची झाडं आणि त्यांच्या आडोशाला एकामागून एक रिसॉर्ट्स. माणशी अमुक रुपये, त्यात नाश्ता, जेवण, चार वाजता चहा-भजी, स्विमिंग पूल, दोन-तीन घसरगुंड्या, रेन डान्स आणि डोकं उठेपर्यंत वाजणारं संगीत. आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांचं थीम पार्क म्हणा ना! पाठीमागचं फाटक उघडलं की थेट समुद्र, तो पॅकेजमध्ये फुकट.

मला हे सगळं आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं वाचून "याला मजा बघवत नाही" असं कुणीतरी म्हणणारच. आमच्या घरात तर पिकनिकच्या आदल्या दिवशी असला विषय काढला की "शुभ बोल रे नाऱ्या" ठरलेलं. पण मंडळी, दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तीन-चार ओळींची बातमी येते. रिसॉर्टच्या तलावात बुडून मुलाचा मृत्यू. कधी वसई, कधी कर्जत, कधी अलिबाग. आपण चुकचुकतो आणि पान उलटतो. त्या बातमीत एक वाक्य जवळपास नेहमीच असतं: "कुटुंबीय जवळच होते."

हे "जवळच होते" मला फार छळतं. दुर्लक्ष करणारे आईबाप असतात आणि त्यांची मुलं बुडतात, अशी आपली सोयीस्कर समजूत असते. प्रत्यक्षात उलट असतं. पंधरा-वीस मोठी माणसं काठावर असतात. मामा असतो, काकू असते, आत्याचे यजमान असतात. आईला वाटतं बाबा पाण्यात आहेत, बाबांना वाटतं आई काठावर आहे, आणि मामाला वाटतं दोघंही आहेत की. सगळ्यांचं लक्ष असतं म्हणजे कुणाचंच नसतं.

त्यात सिनेमांनी आपलं एक नुकसान करून ठेवलंय. बुडणारा माणूस म्हणजे हात वर करून "वाचवा, वाचवा" ओरडणारा, हे चित्र डोक्यात पक्कं बसलंय. खरं बुडणं बहुतेक वेळा मुकं असतं. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, तेवढ्या वेळात जेमतेम श्वास घेता येतो, ओरडायला हवा उरतेच कुठे? हात वर हलवता येत नाहीत, ते आपोआप दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात. मूल उभ्यानेच तरंगल्यासारखं, डोकं मागे टाकलेलं, शिडी चढल्यासारखं दिसतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, खेळतंय. आणि या सगळ्याला मिनिटंही लागत नाहीत, लहान मुलाच्या बाबतीत अर्धं-पाऊण मिनिट पुरतं. तेवढ्यात आपला व्हॉट्सॲपवरचा एक व्हिडिओसुद्धा पाहून होत नाही.

म्हणून माझं मत असं की पिकनिकला निघताना "सगळ्यांनी लक्ष ठेवा रे" हे वाक्य म्हणायचंच नाही. त्याऐवजी नाव घ्यायचं. "पुढची वीस मिनिटं राजूमामा." त्या वीस मिनिटांत राजूमामाने मोबाईल खिशात ठेवायचा, पाण्यात उतरायचं नाही, बिअर प्यायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत, फक्त मुलं बघायची आणि मनात मोजत राहायचं. वीस मिनिटं झाली की दुसऱ्याचं नाव घेऊन, त्याच्या तोंडून "हो, आता मी" ऐकूनच जागा सोडायची. आमच्याकडे यासाठी एक जुनी लाल टोपी ठेवलीय, जिच्या डोक्यावर टोपी ती पहाऱ्यावर. पहिल्यांदा सगळे हसले. आता मुलंच विचारतात, टोपी कुणाकडे आहे?

आणि मुलं पाण्यात नसतानाचा पहारा तर अधिकच गरजेचा. दुपारी दोन ते चार ही माझ्या मते सगळ्यात वाईट वेळ. जेवण अंगावर आलेलं, थोरले सुरूच्या सावलीत आडवे, कुणी पत्त्यांत रंगलेले, आणि पाच वर्षांचं एक मूल विसरलेला चेंडू आणायला एकटंच तलावाकडे निघालेलं. मूल दिसेना झालं तर आधी खोलीत किंवा कॅन्टीनमध्ये नाही, आधी पाण्यात बघायचं.

आता रिसॉर्टवाल्यांविषयी. लाईफगार्ड आहे का, असं विचारलं की "आहे ना" हे उत्तर मिळतंच. मी एका ठिकाणी "कोण?" असं विचारलं, तेव्हा टॉवेल वाटणाऱ्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराकडे बोट दाखवलं गेलं. पोरगा गोड होता. पोहता येतं का विचारल्यावर "थोडं थोडं" म्हणाला! गळ्यात शिट्टी असली म्हणून कुणी जीवरक्षक होत नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी पाच मिनिटं फिरून बघावं. खोल बाजूच्या तळाच्या फरशा वरून स्वच्छ दिसतात का? पाणी गढूळ असेल तर तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही. खोली किती फूट ते काठावर लिहिलंय का? घसरगुंडीवर आधीचा बाजूला झाल्याशिवाय पुढच्याला सोडत नाहीत ना? रेन डान्सच्या पाइपांजवळून वायरी लोंबकळताहेत का? ओल्या अंगाला विजेचा झटका कोरड्यापेक्षा कितीतरी जीवघेणा असतो.

तळाच्या जाळीकडेही लक्ष द्या. पंपाने पाणी खेचलं जातं ती जागा. जाळी तुटलेली असेल तर केस, ओढणी, साडीचा पदर आत खेचला जाऊ शकतो आणि ती ओढ मोठ्या माणसालाही सुटत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली अशाच ओढीने पाण्याखाली अडकून गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे सुरक्षित जाळ्यांचा कायदा झाला. आपल्याकडे बायका संकोचापोटी पंजाबी ड्रेसवर किंवा साडीवरच पाण्यात उतरतात. संकोच मी समजू शकतो, पण निदान ओढणी काठावर राहू द्या आणि केस बांधा. मुलांना निळे कपडे नकोत, निळ्या तलावात ती दिसतच नाहीत. भगवा, पोपटी, काहीतरी भडक घाला. दंडावरचे फुगे आणि ट्यूब ही खेळणी आहेत, लाईफ जॅकेट नव्हे.

दाराशी एक फलक असतो, "स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे, व्यवस्थापन जबाबदार नाही." तो वाचून आपण गप्प बसतो. फलक लावला म्हणून हलगर्जीपणाची जबाबदारी कायद्याने आपोआप संपत नाही, एवढं लक्षात असू द्या. आणि नुसता फलक पुरतो कुठे? जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या थीम पार्कची गोष्ट ऐका. २०१६ च्या जूनमध्ये फ्लोरिडात डिस्नेच्या एका रिसॉर्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाला तळ्याच्या काठच्या उथळ पाण्यातून मगरीने ओढून नेलं. तिथे "पोहू नये" असे फलक होते. पण पाण्यात मगरी असू शकतात, हे त्यांवर लिहिलेलं नव्हतं. नंतर कुंपण घातलं, कारण सांगणारे फलक लावले. आमचे अमेरिकेतले भाचे-पुतणे डिस्नेला जातात तेव्हा मी हेच सांगतो: ठिकाण महागडं आहे म्हणून डोळे मिटू नका. "करू नका" एवढंच लिहिलं असेल तर "का?" असं विचारा.

आता पाठीमागच्या फाटकातला समुद्र. अर्नाळ्याचा किनारा दिसायला अगदी गरीब, सपाट, लांबवर उथळ. पण शेजारी वैतरणेचं मुख आहे, भरती-ओहोटीला प्रचंड पाणी ये-जा करतं. ओहोटीची ओढ पायाला लागली की पोहणाराही दमतो. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचा साधा हिशेब आहे, जो आता कॅलेंडरच्या मागचं राशिभविष्य वाचणाऱ्यांनाही ठाऊक नसतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा-बारा, आणि तेव्हा उधाण. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तिथी पाहून मुहूर्त काढणारे आपण, पिकनिकलाही पाहायला काय हरकत आहे? :-) तरी हिशेबाहून मोठा शब्द किनाऱ्यावरच्या कोळ्याचा. तो "आज नको" म्हणाला की नको.

२०१९ च्या धुळवडीला जवळच्याच कळंबच्या किनाऱ्यावर पाच जण बुडाले, तेही वसईचेच. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी गेले. ही बेपर्वा माणसं नव्हती. पाणी गुडघाभर दिसलं, पुढे गेली.

किल्ल्यावर जायला बोटीत बसता तेव्हाही तेच. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला हा जलदुर्ग, ज्याच्या नावाची युद्धनौका २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली, तो जरूर पाहा. पण जॅकेट मागा आणि बांधा. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, पंधरा जीव गेले. अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. जॅकेट बोटीत असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं.

इतकं करूनही वेळ आलीच तर? पोहता न येणाऱ्याने मागोमाग उडी मारायची नाही, नाहीतर एकाचे दोन होतात. काहीतरी फेका. २०२० साली तमिळनाडूत पेरांबलूरजवळच्या धरणावर तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात टाकल्या आणि बुडणाऱ्या चौघांपैकी दोन तरुणांना ओढून काढलं. बाहेर काढलेल्याला उलटं लटकवणं, गरागरा फिरवणं, पोट दाबणं हे आपल्याकडचे उपचार वेळ घालवतात, अपायही करतात. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर दाब, तीस दाबांमागे दोन श्वास, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. मूल शुद्धीवर येऊन हसू लागलं तरी त्याला डॉक्टरांकडे न्यायचंच. हे शिकायला एक दुपार पुरते. घरटी एकाने तरी शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

यात सरकारचं, ग्रामपंचायतीचं काम नाही का? आहेच. तलावाची तपासणी, प्रशिक्षित जीवरक्षक, किनाऱ्यावर मराठीत ठळक फलक हे मागायलाच हवं. गिऱ्हाइकांनी विचारायला लागलं की मालकही सुधारतो, कारण रविवारचं बुकिंग त्याला हवं असतं. पण तोवर आपलं मूल पाण्यात आहे, आणि ते नियमांची वाट बघत थांबणार नाही.

मजा कमी होते का? माझा अनुभव उलटा आहे. वीस मिनिटं एकाने डोळ्यांत तेल घातलं की बाकीचे एकोणीस जण निर्धास्त असतात. पूर्वी सगळेच अर्धवट लक्ष ठेवून अर्धवट मजा करायचे. मे महिना आहे, जा, भरपूर डुंबा, भजी खा, येताना आगाशीची सुकेळी मिळाली तर आणा. फक्त निघण्याआधी एवढं ठरवा, की पहिली वीस मिनिटं कुणाची?