ढकला की तारीख पुढे!

मे 2025 मध्ये डिस्नेने जाहीर केलं की 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' 1 मे 2026 ला येणार नाही, 18 डिसेंबर 2026 ला येईल. म्हणजे तब्बल साडेसात महिने लेट. झालं! मित्रांच्या ग्रुपवर अशी काही रडारड सुरू झाली की बाहेरच्याला वाटावं कोणाचा तरी एच-वन रिजेक्ट झाला. "एवढा पैसा ओतून वेळेवर पिक्चर काढता येत नाही?" "आमची एक स्प्रिंट चुकली तर मॅनेजर सोलून काढतो, आणि हे लोक वर्षाचे महिने खातात!" वगैरे वगैरे. मला ती बातमी वाचून चक्क बरं वाटलं. का ते सांगायला गेलो तर तीन अंगठे आणि एक हसरा चेहरा एवढंच पदरात पडलं. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक खुलासा. मी काही 'हे कसले सिनेमे, सगळा कॉम्प्युटरचा खेळ' छाप माणूस नाही. 1997 साली दूरदर्शनवर शक्तिमान गरागरा फिरायला लागला तेव्हापासून मी या पंथात आहे. (त्या शक्तिमानचे इफेक्ट्स आज बघितले तर हसू येतं, पण तेव्हा आळीतल्या एकाही पोराने 'व्हीएफएक्स गंडलंय' असं म्हटल्याचं आठवत नाही.) 'एंडगेम' आला तेव्हा एप्रिल 2019 मध्ये भारतात काही थिएटरं चोवीस तास चालू होती, आणि ते मला वेडेपणाचं वाटलं नाही. रॉबर्ट डाउनी ज्युनियर आता आयर्न मॅन सोडून डॉक्टर डूम होणार म्हटल्यावर उत्सुकता आहेच. शिवाय नाताळात म्हणजे तर सोन्याहून पिवळं. क्लायंट सुट्टीवर, प्रॉडक्शनला कोड फ्रीझ, मेलबॉक्स शांत, पोरांना शाळा नाही. नाताळच्या आठवड्यात आयटीवाल्याला सिनेमा बघायला जेवढा वेळ असतो तेवढा वर्षभर नसतो. मी वाट बघतोय. जोरात बघतोय.

पण या तारखेचा इतिहास बघा. आपल्या धंद्यातला माणूस हा इतिहास वाचून ढसाढसा रडेल.

जुलै 2022. सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये मार्व्हलने स्टेजवर तारीख लावली: 'अ‍ॅव्हेंजर्स: द कांग डायनॅस्टी', 2 मे 2025. पुढे तारीख सरकली 1 मे 2026 वर. डिसेंबर 2023 मध्ये कांग झालेला नट कोर्टात दोषी ठरला आणि मार्व्हलने त्याला काढलं. म्हणजे मुख्य खलनायकच गेला! जुलै 2024 मध्ये नवा खलनायक, नवं नाव, आणि दिग्दर्शक म्हणून रूसो बंधू परत. प्रत्यक्ष शूटिंग इंग्लंडमध्ये सुरू झालं एप्रिल 2025 मध्ये. म्हणजे पहिल्यांदा जाहीर केलेल्या तारखेला सिनेमा थिएटरात असायला हवा होता, त्याच्या काही दिवस आधी कॅमेरा चालू झाला.

रिक्वायरमेंट बदलली, आर्किटेक्ट बदलला, प्रॉडक्टचं नाव बदललं. सगळ्यात आधी काय ठरलं होतं? गो-लाइव्ह डेट! आपल्याकडे सेल्सवाला असं करून आला तर कँटीनमध्ये त्याला काय काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही. तेच मार्व्हलने केलं की आपण टाळ्या वाजवतो, कॅलेंडरवर खूण करतो, आणि तारीख सरकली की मार्व्हलवर चिडण्याऐवजी 'आळशी लोक' म्हणून बोंब मारतो. आळशी कोण?

मे 2026 कायम राहिली असती तर शूटिंग संपवून सगळं उरकायला जेमतेम वर्ष होतं. 'एंडगेम'मध्ये व्हीएफएक्सचे दोन हजारांहून जास्त शॉट होते. 'डूम्सडे' त्याहून लहान असेल असं कोणाला वाटत असेल तर त्याने हात वर करावा. आणि यातलं बरंच मजुरीचं काम होतं कुठे? मुंबईत, हैदराबादला, बंगळूरला, चेन्नईला.

रोटो नावाचा प्रकार असतो. हिरो उडी मारतो, त्याच्या मागची भिंत काढून तिथे जळणारं शहर टाकायचंय. मग हिरोची बाह्यरेषा प्रत्येक फ्रेमवर नीट आखून त्याला मागच्या चित्रापासून वेगळं करायचं. सेकंदाला 24 फ्रेम. चार सेकंदांचा शॉट म्हणजे 96. हिरोईनचे केस वाऱ्यावर उडत असतील तर बघायलाच नको. मग पेंट: नटाला टांगलेल्या वायरी, भिंतीवरच्या खुणा, चुकून दिसलेला माईक, हे सगळं पुसायचं. मग मॅचमूव्ह: खरा कॅमेरा कसा हलला ते मोजून कॉम्प्युटरमधला कॅमेरा तस्साच हलवायचा. ही सगळी कामं नीट झाली तर प्रेक्षकाला दिसतच नाहीत. चुकली तर दिसतात. आपल्या बॅकएंडवाल्यांना ही व्यथा वेगळी समजावून सांगायला नको.

माझा एक मावसभाऊ मुंबईत तीन-चार वर्षं रोटो करत होता. (कंपनीचं नाव राहू दे, त्याला त्याच क्षेत्रात पोट भरायचंय.) लॉस एंजलिसची सकाळ म्हणजे आपली रात्र. तिकडून 'नोट्स' यायचे रात्री साडेदहाला. सकाळी तिकडे बघायला मिळालं पाहिजे म्हणून तो रात्रभर तिथेच. डिसेंबरात येणाऱ्या सिनेमाचे शेवटचे शॉट ऑक्टोबर-नोव्हेंबरात हातावेगळे होतात, म्हणजे ऐन दिवाळीत. मावशी एका वर्षी फराळाचा डबा घेऊन गेली तर सिक्युरिटीने खालीच ठेवून घेतला. त्या सिनेमाला आम्ही सगळे नाताळात गेलो होतो. तो आला नाही, घरी झोपला.

आता तुम्ही म्हणाल, रात्रपाळ्या आपणही करतो, यात नवल ते काय? नवल पैशांत आहे. व्हीएफएक्स स्टुडिओ काम घेतात ते बहुतेक वेळा फिक्स्ड बिडवर. इतके शॉट, इतके डॉलर, तारीख अमुक. त्यानंतर दिग्दर्शकाला वाटलं की झगा हिरवा नको, जरा राखाडी हवा, तर करा पुन्हा. क्लायमॅक्सच बदलला तर करा पुन्हा. बदलाचे पैसे मागायला गेलं तर पुढचं काम दुसऱ्याला जायची भीती, कारण मोठी गिऱ्हाईकं मोजून चार-पाच. ज्याने कधी फिक्स्ड बिड प्रोजेक्ट केलंय आणि क्लायंटचं "बस, एक छोटासा चेंज आहे" ऐकलंय, त्याच्या पोटात इथे गोळा यायला हवा.

आणि मग ट्रेलर येतो. 2022 च्या मे महिन्यात 'शी-हल्क'चा ट्रेलर आला तेव्हा आंतरजालावर नुसती जत्रा भरली होती. 2023 च्या फेब्रुवारीत 'क्वांटममेनिया'तल्या मोडोकच्या थोबाडावरून तर विचारूच नका. हसावं की, दिसलंच ते वाईट. पण शिव्या कोणाला? 'व्हीएफएक्सवाल्यांना'. तारीख कोणी ठरवली, शेवटच्या महिन्यात बदल कोणी मागितले, हे विचारणारा हजारात एक. सप्टेंबर 2023 मध्ये खुद्द मार्व्हलच्या पगारावरच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमुखाने युनियनच्या बाजूने मत दिलं. एकही मत विरोधात नाही! आपल्याकडे टीम लंचचं हॉटेलसुद्धा एकमताने ठरत नाही. काय परिस्थिती असेल विचार करा.

"पण हिट सिनेमा झाला की त्यांचंही भलं होतंच ना?" हा एक लाडका युक्तिवाद. बरं. 'लाइफ ऑफ पाय' घ्या. त्यातला वाघ रिदम अँड ह्यूज या स्टुडिओने केला, त्यांच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादलाही होत्या. फेब्रुवारी 2013 मध्ये स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात, 24 फेब्रुवारीला, त्याच वाघासाठी ऑस्कर मिळालं. स्टेजवर त्यांचा माणूस स्टुडिओच्या अडचणीबद्दल बोलायला लागला तर 'जॉज'चं संगीत वाजवून त्याला गप्प केलं. बाहेर शेकडो कलाकार निदर्शनं करत होते.

ते जुनं झालं म्हणता? 2024 च्या नाताळात आपण पोरांना घेऊन 'मुफासा' बघितला, हिंदीत शाहरुखचा आवाज होता तो. ते सिंह एमपीसीने केले होते. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी 2025 मध्ये, एमपीसीची मालक टेक्निकलर कंपनी कोसळली आणि बंगळूरमध्ये हजारो लोक एका फटक्यात रस्त्यावर आले. सिनेमा पडला म्हणून नाही हो, सिनेमा जगभर चांगला चालला होता. कंपनीचं कर्ज आणि तिचे व्याप वेगळेच होते. सांगायचा मुद्दा एवढाच की तिकिटबारीवरचा पैसा आपोआप रोटोवाल्याच्या टेबलापर्यंत झिरपतो ही समजूत काढून टाका.

याच एमपीसीचा आणखी एक किस्सा, आणि हा तर प्रेक्षकांनी घडवलेला. एप्रिल 2019 मध्ये 'सॉनिक'चा ट्रेलर आला, पब्लिकने त्या निळ्या प्राण्याचे दात बघून आकाशपाताळ एक केलं. स्टुडिओने ऐकलं, नवा सॉनिक करायला घेतला आणि तारीख नोव्हेंबरवरून फेब्रुवारी 2020 वर नेली. शाब्बास! प्रेक्षकांची ताकद! सिनेमा हिट. फक्त ज्या एमपीसी व्हँकुव्हरने त्यावर काम केलं ते ऑफिस डिसेंबर 2019 मध्ये, ऐन नाताळाच्या तोंडावर, बंद झालं होतं.

आणि तारीख न ढकलता रेटली तर? त्याच नाताळात 'कॅट्स' आला, 20 डिसेंबर 2019. तो काही सुपरहिरो नव्हे, पण गो-लाइव्हच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पॅच टाकलेला तो मला माहीत असलेला एकमेव सिनेमा. सुधारलेल्या इफेक्ट्सची नवी आवृत्ती थिएटरांना पाठवली, आधीची आधीच लोकांनी पैसे देऊन बघितलेली! आणि पुढच्या ऑस्करला त्याच सिनेमातले दोन नट मांजरांचे पोशाख घालून स्टेजवर आले आणि व्हिज्युअल इफेक्ट्सवर विनोद करून गेले. मालकावर विनोद करायची हिंमत कोणाची झाली नाही.

दुसरा युक्तिवाद गिऱ्हाईकाचा. "मी तिकिटाला चारशे मोजले, पॉपकॉर्नला पाचशे, मला त्यांच्या रात्रपाळीशी काय घेणंदेणं?" हे वाक्य तुम्ही कुठेतरी ऐकलंय बघा. शुक्रवारी संध्याकाळी सहाला तुमच्या क्लायंटच्या तोंडून. तेव्हा तुम्हाला ते पटलं होतं का? वाईट शॉटला वाईट म्हणा, खुशाल म्हणा, मीही म्हणतो. पण पत्ता बरोबर लिहा की राव. बग रिपोर्ट भलत्याच टीमला असाइन करणाऱ्याला आपण काय म्हणतो?

तिसरा एक नवा आलाय: "आता एआय करेल की रोटो." करेल, थोडंफार करतंच आहे. मग आज दोनशे माणसं रात्री जागतात ते उद्या पन्नास जागतील आणि शॉट चौपट मागतील. ऑटोमेशनने आपली टेस्टिंगची टीम लवकर घरी जायला लागली का? माझी तरी नाही.

मार्व्हलच्या सिनेमाला एक बरी सवय लागलीय, नावं संपल्यावरच्या सीनसाठी पब्लिक जागेवर बसून राहतं. फोन बघत बसतं, पण बसतं. पुढच्या वेळी फोन खाली ठेवून ती नावं वाचा. पाटील, शिंदे, रेड्डी, नायर, कुलकर्णी... वेगाने सरकतात, डोळ्यांना दमच लागतो. आणि तीही सगळी नव्हेत. नावं किती द्यायची याला मर्यादा असते, त्यामुळे कित्येकांनी महिनोन्महिने काम करूनही पडद्यावर नाव येत नाही. आमच्या मावसभावाचं एकदाच आलं, तेव्हा मावशीने थिएटरात टॉर्च पाडून शेजारच्यांना दाखवलं. लोक वैतागले, पण आम्ही बघून घेतलं.

आता माझी खरी धाकधूक. साडेसात महिने मिळाले म्हणून मी खूश झालो खरा, पण वाढवून मिळालेल्या वेळेचं काय होतं हे आपल्याला पाठ आहे. त्यात नवीन फीचर घुसतात. वेळ शॉट लवकर सोपवायला वापरला तर उत्तम. नाहीतर उन्हाळ्यातला जो घाम होता तो फक्त हिवाळ्यात सरकला. 2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे आणि सिनेमा 18 डिसेंबरला. मधे बरोबर चाळीस दिवस. त्या पणत्यांच्या दिवसांत मालाड-गोरेगावच्या कुठल्या मजल्यावर दिवे जळत असतील आणि डूमच्या झग्याचा कितवा रंग चालू असेल, देव जाणे.

तेव्हा तारीख पुन्हा सरकली तर खुशाल सरकू दे. मार्च-एप्रिलमध्ये बघू, एक दिवस सिक लीव्ह टाकू. पोरांची परीक्षा असेल, तर ती संपल्यावर जाऊ.