जुन्या ट्रॅक्टरचें गळतें तेल

वैशाख सरत आला म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील काळ्या जमिनीच्या गांवांतून एकच चौकशी सुरू होते : मृगाच्या आधीं यंत्र चालेल काय? ज्या घरीं तीस-चाळीस वर्षांपूर्वीं घेतलेला मॅसी फर्ग्युसन अजून अंगणांत उभा आहे, तेथें ही चौकशी बहुधा भांडणाच्या काठावर जाते. वडीलधारे म्हणतात, इंजिन ठणठणीत आहे. धाकटे म्हणतात, लिफ्ट नांगर धरीत नाहीं, खालीं तेलाचें थारोळें साचतें, आतां मोडींत काढा. कळमनुरीकडील एका एकत्र कुटुंबांत असा वाद आम्हीं प्रत्यक्ष ऐकला. खरा प्रश्न होता सामाईक जमिनीवर कर्ज काढण्याचा. तेल हें निमित्त. परंतु निमित्ताची नीट तपासणी झाल्याखेरीज निवाडा करावयाचा कसा?

नांगर नुसता मागें ओढीत नेण्याऐवजीं तो तीन सांध्यांनीं ट्रॅक्टरला जोडावा व तेलाच्या दाबानें वरखालीं करावा, ही युक्ति हॅरी फर्ग्युसन या आयरिश गृहस्थाची. १९४६ पासून कॉव्हेंट्री येथें त्याचे लहानसे करडे ट्रॅक्टर निघूं लागले. १९५३ मध्यें त्याचा धंदा मॅसी-हॅरिस कंपनींत मिळाला. आणि १९६० सालीं मद्रासेंत निघालेल्या टॅफेनें तें वाण आपल्याकडे रुजविलें. या वाणाचें वैशिष्ट्य असें कीं, पंप बाहेर कोठें दिसत नाहीं. तो मागच्या पेटींत तेलांत बुडालेला असतो, आणि गिअरांचें व लिफ्टचें तेल एकच. म्हणून दोष पोटांतला असला तर बाहेरून थेंबही दिसत नाहीं.

कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हें पास्कलनें सतराव्या शतकांत दाखविलें. समजा, दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब आहे व पिस्टनचें तोंड ३० चौरस सेंटिमीटर आहे. तर पिस्टनवर ४,५०० किलोंचें बळ येतें. एवढें बळ अडवून धरणारी वस्तु म्हणजे बोटाएवढ्या जाडीचीही नव्हे अशी एक रबराची कडी! मिस्त्री तिला ओ-रिंग म्हणतात. ('हायड्रॉलिक' या शब्दास आम्ही एकदां 'जलशक्तिचालित' असें नांव सुचविलें. मिस्त्री हंसून म्हणाला, "गुरुजी, ह्यांत पाणी शिरलं तर बोंबच होईल." त्याचें म्हणणें रास्त होतें.)

गळती दोन प्रकारची. बाहेरची डोळ्यांना दिसते : लिफ्टच्या आडव्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचीं सीलें, नळ्यांच्या सांध्यांतील तांब्याचे वायसर, वरच्या झांकणाखालील पॅकिंग. प्रथम तो भाग डिझेलनें धुऊन कोरडा पुसावा, मग यंत्र चालवून ओल कोठें उगवते तें पाहावें. जुन्या चिखलावरून अंदाज बांधणें व्यर्थ आहे. शाफ्टलाच खांच पडली असेल तर नवें सील कितीही बसविलें तरी टिकणार नाहीं. आंतल्या गळतीची खूण निराळी. नांगर उचलून इंजिन बंद करावें. तो भराभर खालीं आला तर पिस्टनची कडी, झडप किंवा पंप यांपैकीं कांहीं तरी दबाव सोडीत आहे. इंजिन चालू असतां उचललेला नांगर उचकी लागल्याप्रमाणें खालींवर होत असेल तर तेंही याच दुखण्याचें लक्षण : तेल झिरपतें, पंप पुन्हां भरतो, पुन्हां झिरपतें. मात्र तेल आधीं पुरेसें आहे कीं नाहीं, तें पाहावें. तें दुधासारखें पांढुरकें दिसलें तर पाणी शिरलें आहे. अंगणांत चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या यंत्रांत नवल तें काय?

आतां वाचकांनीं घरांतील तरुणांस वाचून दाखवावा असा भाग. बारीक चिरेंतून उडणारी तेलाची धार दिसत नाहीं, पण ती कातडी भेदून आंत शिरते. म्हणून गळती बोटानें कधींही चांचपूं नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. टोंचल्याएवढेंच छिद्र पडतें, प्रथम फारसें दुखतही नाहीं, आणि मुलगा हळद लावून कामाला लागतो. कांहीं तासांतच बोट, क्वचित् हातही गमावण्याची पाळी येते. ताबडतोब हिंगोलीस किंवा नांदेडास शस्त्रवैद्याकडे जावें व "दाबाचें तेल आंत गेलें आहे" असें स्पष्ट सांगावें. दुसरी गोष्ट उचललेल्या ट्रॉलीची. वसमतच्या बाजारांत हळद घालून परततांना ट्रॉली वर करून तिच्याखालीं वांकून पाहणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. नळी फुटली तर ओरडण्यासही अवधि मिळत नाहीं. भक्कम टेकू दिल्यावांचून खालीं जाऊं नये. आणि कोणताही सांधा सोडण्यापूर्वीं अवजार जमिनीवर टेकवून इंजिन बंद केलेलें असावें.

कडी बदलतांना जुनी पुन्हां घालूं नये. उष्णतेनें ती कडक झालेली असते. व्यास व जाडी दोन्ही मोजून नवी घ्यावी, तेल लावून, पीळ न पडूं देतां बसवावी. मापाची नसली तर "बसते कीं" म्हणणाऱ्या दुकानदाराचें ऐकूं नये. तेल कमी पडलें म्हणून घरांतला ब्रेक ऑइलचा डबा ओतणें हा तर घातच. त्या तेलानें या कड्या फुगतात. लिफ्ट ओझें उचलीत नाहीं म्हणून सुरक्षा-झडप आवळणारे महाभागही आहेत. त्यांना पाना देऊं नये.

कळमनुरीच्या त्या घरीं मिस्त्रीनें वरचें झांकण उतरविलें तेव्हां पिस्टनची कडी दोन ठिकाणीं तुटलेली निघाली. सिलिंडर मात्र गुळगुळीत होता. धुतलेल्या धोतरावर भाग मांडून धाकट्यानें ते क्रमानें पुसले. जुळवणी झाल्यावर हवा निघून जावी म्हणून लिफ्ट रिकामी दहा-बारा वेळां खालींवर केली, मग नांगर चढविला, इंजिन बंद केलें, मुलांस दूर उभें केलें, आणि नांगराच्या उंचीवर गोठ्याच्या भिंतीस खडूची रेघ ओढली. अर्ध्या तासानें नांगर रेघेपासून दोन बोटें उतरला होता. एवढें उतरणें जुन्या यंत्रास क्षम्य आहे, असें मिस्त्रीचें मत पडलें. कर्जाचा अर्ज थोरल्यानें तूर्त कपाटांत ठेविला; धाकट्यानें तो फाडूं दिला नाहीं.